सरासरी सहा क्विंटल, पण कोणाच्या शेतात?

2023च्या पावसाळ्यात देशात 82 सेंटिमीटर पाऊस झाला. 1971 ते 2020 या पन्नास वर्षांची सरासरी 87 सेंटिमीटर आहे, म्हणजे हंगामाचा हिशेब 94 टक्क्यांवर मिटला. आकडा पाहून फारसे काही बिघडले नाही असेच वाटेल. पण त्या वर्षी जुलैत देशभर 13 टक्के जास्त पाऊस पडला आणि ऑगस्टमध्ये 36 टक्के कमी. 1901पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही.

बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्याने ही दोन्ही टोके पाहिली. 22 जुलैला तिथे अतिवृष्टी झाली, नाल्यांचे पाणी उभ्या पिकात शिरले, कित्येक शेते खरडून गेली. जी वाचली, त्यांच्यावर ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली. जुलैचे जास्तीचे पाणी ऑगस्टच्या तुटीतून वजा करता येते ते फक्त कागदावर. सोयाबीनच्या मुळांना तो हिशेब लागू पडत नाही.

सोनाळा याच तालुक्यातले गाव. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन आणि पुढे खारपाणपट्टा. डोंगराकडची हलकी, उताराची जमीन आणि खालची पाणी धरून ठेवणारी जमीन यांना एकच पाऊस सारखा मानवत नाही. म्हणून एकाच हंगामात, एकाच पिकाचा एकरी उतारा शिवारागणिक बदलतो. हा बदल मोजायचा कसा, हा सांख्यिकीचा अगदी प्राथमिक प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर इथल्या शेतकऱ्याचे पैसे अवलंबून असतात.

उदाहरणासाठी दोन शिवारे घेऊ. पहिल्यात पाच शेतांचा सोयाबीनचा एकरी उतारा 5, 6, 6, 6 आणि 7 क्विंटल. दुसऱ्यात 1, 2, 6, 9 आणि 12. दोन्हीकडे बेरीज 30 आणि सरासरी 6. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलला, म्हणजे दहावीच्या बीजगणितातला मध्यक काढला, तरी दोन्हीकडे 6च येतो. एरवी एखाद्या अवाढव्य आकड्याने सरासरी फुगली, तर मध्यक खरी परिस्थिती दाखवतो. इथे मात्र तोही गप्प आहे, कारण फरक मध्यभागी नसून पसरण्यात आहे.

ती पसरण मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे मोठ्यातून लहान वजा करणे. याला विस्तार म्हणतात. पहिल्या शिवारात तो 2, दुसऱ्यात 11. बाजार समितीच्या दरपत्रकात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर छापतात ते याचसाठी. खामगावला माल नेणारा शेतकरी सर्वसाधारण दरावर कधीच थांबत नाही; ओलावा आणि प्रत पाहता आपला माल कोणत्या टोकाला जाईल, याचा अंदाज तो या तिन्हींवरून बांधतो.

पण विस्तार फक्त दोन टोके पाहतो, मधल्या शेतांची दखल घेत नाही. म्हणून प्रमाण विचलन. प्रत्येक शेत सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचे. दुसऱ्या शिवारात ही अंतरे उणे 5, उणे 4, 0, 3 आणि 6 अशी येतात. नुसती बेरीज केली तर शून्यच होईल, म्हणून त्यांचे वर्ग करायचे: 25, 16, 0, 9, 36. बेरीज 86, पाचाने भागून 17.2 आणि त्याचे वर्गमूळ सुमारे 4.1 क्विंटल. पहिल्या शिवारात हेच गणित 0.6 वर येते. सरासरी दोन्हीकडे सहा, पण एका ठिकाणी शेते तिच्या आजूबाजूला आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी विखुरलेली.

आता पीक विमा पाहू. खरीप 2025पासून महाराष्ट्रात एक रुपयाचा विमा बंद झाला. स्थानिक आपत्तीसाठी मिळणारी वेगळी भरपाई वगळली गेली आणि सारी मदार विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर आली. प्रमुख पिकांसाठी हे क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ. मागच्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन ती जोखीम स्तराने, म्हणजे योजनेत ठरलेल्या टक्केवारीने, गुणली की उंबरठा उत्पन्न मिळते. चालू हंगामाची सरासरी त्याखाली गेली तरच भरपाई. समजा उंबरठा 5 क्विंटल आहे आणि मंडळ आपल्या दुसऱ्या शिवारासारखे आहे. सरासरी 6, म्हणून कोणालाच काही मिळणार नाही. एकरी एक क्विंटलवर आलेल्या शेतकऱ्यालाही नाही.

ही सरासरी ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, वजन करायचे. या पद्धतीचा पाया मराठी माणसांनीही घातला. साताऱ्याच्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि कापसावर काम करणारे डॉ. वि. गो. पानसे यांनी 1940च्या दशकात हे तंत्र उभे केले. पानसे यांची कपाशीची सर्वेक्षणे सोनाळ्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात झाली. प्लॉट फार लहान असेल तर कडेवरची झाडे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्मे यांनी 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. शेतीसाठी सांख्यिकी पद्धती शिकवणारे दोघांचे पुस्तक 1954 मध्ये आले आणि कृषी विद्यापीठांत पिढ्यानपिढ्या वापरले गेले.

प्लॉट किती घ्यायचे, हे पसरणच सांगते. प्रमाण विचलन 4 क्विंटल असेल आणि 16 प्लॉट कापले, तर सरासरीतली प्रमाण त्रुटी 4 भागिले 16चे वर्गमूळ, म्हणजे 1 क्विंटल. ती अर्धी करायची तर प्लॉट 64 लागतात, दुप्पट नव्हे तर चौपट. पहिल्या शिवारासारखा सपाट मुलूख असता तर 16 प्लॉटांतही त्रुटी जेमतेम 0.15 राहिली असती. डोंगरउतार आणि काळी जमीन एकाच हिशेबात येते, तिथे मोजक्या प्लॉटांवर निघालेली सरासरी उंबरठ्याच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे नशिबावर राहते.

यावर उपाय गावाच्या हातात आहे. पीक कापणी प्रयोगासाठी गावपातळीवर समिती असते, तिच्यात सरपंच, पोलीस पाटील आणि शेतकरी असतात. सोनाळ्यासारख्या गावांनी प्रयोगाच्या दिवशी प्लॉटवर हजर राहावे, माप आणि वजन डोळ्यांसमोर करून घ्यावे. नुसत्या मंडळाच्या सरासरीवर समाधान मानू नये. प्रत्येक प्लॉटचा आकडा ग्रामसभेत मागावा आणि त्यांची पसरण शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांकडून काढून घ्यावी. ती मोठी निघाली, तर पुढच्या हंगामात प्लॉट वाढवून मागण्यासाठी त्याहून भक्कम पुरावा दुसरा नाही.