सात सीटची गाडी आणि आपले अकरा माणसांचे घर

साक्रीहून लग्नाच्या खरेदीला सुरतेकडे निघालेली सात सीटची गाडी तिथे पोहोचते, तेव्हा तिच्यातून किती माणसे उतरतात हे एकदा मोजून पाहावे. मधल्या सीटवर चार बायका, त्यांच्या मांडीवर दोन मुले, मागच्या छोट्या सीटवर तिघे, पुढे मामूंच्या शेजारी दादी आणि तिच्या पायाशी डब्यांची पिशवी. परतीला हीच माणसे आणि वर साड्यांचे गठ्ठे. "आपलीच माणसे आहेत, बसतील," असे म्हणून दार ओढले जाते.

आपल्याकडे अशी गाडी येऊन फार वर्षे झाली नाहीत. १९८४ मध्ये मारुतीने व्हॅन आणली, तीच पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. २०१० मध्ये ईको आली, २०१२ मध्ये अर्टिगा. ज्यांना परवडले त्यांनी इनोव्हा घेतली. एकत्र कुटुंबात सगळ्यांना एका गाडीतून नेता यावे, ही यामागची साधी इच्छा. निकाह असो, मालेगावचा किंवा धुळ्याचा दवाखाना असो, नाहीतर कुणाच्या मैयतीची रात्री आलेली खबर असो, मोठी गाडी दाराशी असली की कुणाकडे मागायला जावे लागत नाही. तिची नीट माहिती मात्र घरात एकालाच असते, आणि कधीकधी त्यालाही नसते. गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

सगळ्यात आधी गॅस, कारण त्यात चूक झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावला इच्छादेवी चौकाच्या परिसरात एका ओम्नीत घरगुती सिलिंडरमधून गॅस भरत असताना स्फोट झाला. अनेक जण भाजले आणि त्यांतले काही पुढे उपचार चालू असताना दगावले. खानदेशात ही बातमी घरोघरी पोहोचली, पण सिलिंडर उलटा टांगून मोटारीने गॅस भरून देणारी ठिकाणे त्यानंतर सगळी बंद झाली असे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

हा प्रकार बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तो इतका घातक का, हे फारसे कुणी सांगत नाही. एलपीजी हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, सीटखाली, नालीत, दुकानाच्या पायरीखाली साचून राहतो. सांडलेला एक लिटर द्रव गॅस वायू होऊन सुमारे अडीचशे लिटर होतो. भरणारी मोटार विजेवर चालते, तिच्या बटणाची एक ठिणगी पुरते. शिवाय गाडीची टाकी कधीच पूर्ण भरायची नसते. ऐंशी टक्क्यांवर आपोआप थांबवणारा व्हॉल्व्ह मान्यताप्राप्त टाकीला असतो, कारण उन्हात गॅस फुगतो आणि त्याला जागा लागते. जुगाडू टाकीला हा व्हॉल्व्ह नसतो, असला तरी बिघडलेला असतो, आणि धुळ्या-जळगावच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो.

सीएनजीचे गणित वेगळे. तो हवेपेक्षा हलका, गळाला तर वर जातो. पण सिलिंडरमध्ये तो सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. म्हणून सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी करावी लागते. शेवटच्या चाचणीची तारीख सिलिंडरच्या पट्टीवर आणि प्रमाणपत्रावर असते. जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, सीटचे कव्हर चाचपतात, ही तारीख पाहायची राहून जाते. सीएनजी किट नंतर बसवलेली असेल तर तिची नोंद आरसी बुकात आणि विम्यात आहे की नाही, तेही पाहून घ्यावे. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

पंपावर गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचे, झोपलेल्या मुलालाही उचलून घ्यायचे. थंडीत किंवा पावसात बायका-मुलांना आत बसवून ठेवणे ही माया उलटी पडते. गाडीत गॅसचा वास आला तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, दारे उघडून सगळ्यांनी दूर जावे. दिवा, पंखा, मोबाइल कशालाही हात लावू नये. सिलिंडरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवलेले असावे. डिक्कीत सिलिंडर असलेल्या गाडीत पेटी, पातेली, गाद्या अशा कोंबू नयेत की त्यांचा भार व्हॉल्व्हवर किंवा नळीवर येईल.

आता सीटकडे येऊ. मधल्या रांगेची सीट पुढे-मागे सरकते, पाठ कलते आणि एका खटक्याने पूर्ण पुढे झुकते, म्हणजे मागे जायला वाट होते. ही सोय अर्टिगा, इनोव्हासारख्या गाड्यांत आहे. आत कुणी बसलेले असताना खटका ओढला तर सीट झटक्याने सरकते आणि मुलाचे बोट किंवा दादीचे गुडघे अडकतात. ती परत मागे ढकलल्यावर 'खट्' असा आवाज येऊन बसली की नाही, हे हलवून पाहावे. अर्धवट बसलेली सीट ब्रेक लागताच माणसासकट पुढे येते. तिसऱ्या रांगेत पाय दुमडून बसावे लागते, म्हणून ती जागा वयस्कर माणसांची नव्हे. मुले तिथे आनंदाने बसतात, पण तिथला पट्टा बहुतेक वेळा सीटच्या फटीत गेलेला असतो. तो आजच बाहेर काढून ठेवावा.

पट्ट्याबद्दल आपल्या घरांत दोन समज आहेत. एक, तो फक्त पुढच्या माणसाने लावायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात गेले, तेव्हा ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा न लावता बसलेले होते. मागे पट्टा न लावणाऱ्यालाही कायद्याने एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाची भीती हे फार लहान कारण झाले. दुसरा समज, मूल आईच्या मांडीवर सुरक्षित असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक बसली तर दहा किलोचे मूल त्या क्षणी हाताला दीडशे किलोहून जड होते. आईची माया कितीही घट्ट असो, हात इतके पेलत नाहीत. मुलांची वेगळी सीट मिळते. ती बसवण्यासाठी मधल्या रांगेत पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात लोखंडी कड्या असतात, नव्या गाड्यांत तिथे छोटी खूणही दिसते. तान्ह्या बाळाची मागे तोंड केलेली सीट पुढे एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

बुरखा किंवा मोठी ओढणी असेल तर पट्टा कापडावरून सैल जातो आणि वळकट्यांवर टेकतो. तो बुरख्याच्या पुढच्या भागाखालून, कमरेच्या हाडांवर खाली घट्ट बसला पाहिजे; वरचा पट्टा खांद्यावरून छातीच्या मधोमध. गरोदर बहिणींनीही पट्टा लावायचाच, फक्त खालचा भाग पोटाच्या वर न ठेवता पोटाखाली. ईकोचे सरकते दार लावण्याआधी ओढणीचे टोक आत घेतले का, हे बसणाऱ्याने स्वतः पाहावे. दार लावणाऱ्याला ते दिसत नाही.

मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारी एक बारीक कळ असते. ती खाली-वर केली की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडते. मुलांना घेऊन सुरतेच्या रस्त्याने जाताना ही कळ लावलेली असावी. याची दुसरी बाजूही आहे. दाराशी उभी गाडी मुलांना खेळायचे घर वाटते. ती उघडी राहिली, मूल आत गेले आणि दार लागले, तर उन्हात काही मिनिटांत आत भट्टी होते. गाडी उभी केली की कुलूप लावायचे, किल्ली मुलांच्या हाताबाहेर ठेवायची. घरात मूल दिसेनासे झाले तर विहीर आणि गाडी आधी पाहावी.

"मागे एसी लागतच नाही" ही तक्रार साक्रीतल्या कुठल्याही गॅरेजात रोज ऐकू येईल. गॅस भरायला पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. छतातल्या मागच्या एसीचा पंखा वेगळा असतो, त्याचे बटण मधल्या रांगेजवळ असते आणि मुलांनी ते बंद केलेले असू शकते. पुढच्या कप्प्यामागे एक फिल्टर असतो. आपल्याकडच्या धुळीने तो वर्षभरात मातीच्या गोधडीसारखा होतो. तो काढायला पाच मिनिटे लागतात, पाहायला बायकोला किंवा मुलीलाही सांगता येईल. तिसरे म्हणजे पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर. त्यावर कापसाचा भुगा आणि किडे बसतात, ते मंद पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या वाकतात. गाडी उन्हात उभी असेल तर आधी सगळ्या काचा खाली करून दोन मिनिटे चालवावी, मग एसी लावावा. आतलीच हवा फिरवायचे बटण सुरुवातीला चांगले. पण आठ माणसे बसल्यावर ते तासभर चालू ठेवले तर गाडी कोंदट होते आणि चालवणाऱ्याला झापड येते.

ओम्नी-ईकोवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ऑइल पाहायचे तर सीट उचलावी लागते, म्हणून ते पाहिलेच जात नाही. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, सपाट जागी सीट उचलून ऑइल आणि कूलंट पाहावे.

साक्रीकरांना घाट टळत नाही. दहिवेल सोडले की कोंडाईबारी, पुढे विसरवाडी, नवापूर. जाताना उतार आणि परतीला भरलेल्या गाडीने चढ. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय सोडावी. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. चढावर सीएनजीने गाडी ओढत नसेल तर पेट्रोलवर घ्यावी. म्हणूनच सीएनजी गाडीतही पाव टाकी पेट्रोल हवेच. तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर आधी एसी बंद, मग गाडी बाजूला. गरम रेडिएटरचे झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी उघडू नये. आतले पाणी उसळून चेहऱ्यावर येते.

टायरची हवा किती हवी, हे पंक्चरवाल्याला विचारू नये. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर ते लिहिलेले असते, आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचा आकडा बहुधा वेगळा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, '२३१९' असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी फार जुने रबर उन्हात तडकते. स्टेपनी अनेक गाड्यांत डिक्कीखाली बाहेरून टांगलेली असते आणि ती उतरवायला डिक्कीतूनच एक बोल्ट फिरवावा लागतो. रात्री घाटात हे शोधण्यापेक्षा एखाद्या रविवारी अंगणात सगळ्यांनी मिळून एकदा करून पाहावे. जॅक नेमका कुठे लावायचा हे तेव्हाच कळते, आणि ते मुलींनाही कळू द्यावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी लग्नसराईत ओळखीच्यांना पैसे घेऊन दिली जाते. हप्ता निघतो हे खरे. पण ती परवान्याविना भाड्याने चालवणे झाले, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा त्याच कारणाने अडतो. मग जखमी माणसाचा खर्च गाडीमालकाच्या दारात येतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

अकरा माणसांच्या घराने काय करावे, असा प्रश्न उरतोच. सात गाडीत, बाकीचे एसटीने. साक्रीतून धुळ्याला आणि सुरतेच्या दिशेला बस मिळते. खालाजान रुसतील, त्यांना पुढच्या खेपेला मधली खिडकी द्यावी.