सुरू होतानाच कीबोर्ड-माउस बंद? विंडोज नव्याने टाकण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर सुरू केला, पासवर्डची चौकट आली, पण कीबोर्डवर काही टाइप होत नाही आणि माउसचा बाणही हलत नाही. अशा वेळी बरेच जण नवा कीबोर्ड विकत आणतात किंवा दुकानात जाऊन ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतात. फॉरमॅटमध्ये फोटो आणि कागदपत्रे जाऊ शकतात. शिवाय बिघाड विंडोजमध्ये नसेल, तर त्याचा काही उपयोगही होत नाही. म्हणून आधी एवढेच शोधा: कीबोर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर बंद आहे?

टप्पा कसा ओळखायचा?

पॉवर बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम चालतो. त्याला बायोस म्हणतात. त्यानंतर विंडोज सुरू होते आणि स्वतःच्या ड्रायव्हरच्या मदतीने कीबोर्ड-माउस चालवते.

कॉम्प्युटर सुरू होताच डिलीट किंवा एफ२ हे बटण पुन्हा पुन्हा दाबा. काही कंपन्यांत हे बटण वेगळे असते. बायोसचा मेनू उघडला आणि त्यात बाणांची बटणे चालली, तर कीबोर्ड आणि पोर्ट ठीक आहेत. दोष विंडोजच्या बाजूला आहे.

बायोसमध्येही चालत नसेल तर

१. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. मग कीबोर्ड हबला न लावता थेट कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा.

२. कीबोर्ड ओटीजी अडॅप्टरने मोबाइलला जोडून पाहा. तिथे टाइप झाले, तर कीबोर्ड चांगला आहे.

३. ब्लूटूथ कीबोर्ड विंडोज सुरू होण्याआधी बहुधा चालत नाही. तपासणीसाठी वायरचा वापरा.

४. जुन्या गोल पिनचा कीबोर्ड असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाच लावा. जांभळे पोर्ट कीबोर्डचे, हिरवे माउसचे.

५. बायोसमधल्या ‘फास्ट बूट’ सेटिंगमुळे काही मदरबोर्ड सुरुवातीला यूएसबी तपासतच नाहीत. मेनू उघडत नसेल, तर प्लग काढून मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटे बाहेर ठेवला की बहुतेक मदरबोर्डवर सेटिंग मूळ स्थितीत येते. मात्र डिस्कवर बिटलॉकर चालू असेल, तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, ती विचारली जाऊ शकते.

फक्त विंडोजमध्ये चालत नसेल तर

‘शटडाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन करताना विंडोजचा काही भाग डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उघडतो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

माउस चालतो पण कीबोर्ड नाही? उजवे शिफ्ट बटण ८ सेकंद दाबून धरल्यास ‘फिल्टर कीज’ चालू होते आणि मग बटणे उशिरा उमटतात. पुन्हा तेवढाच वेळ धरून ती बंद करता येते. तरीही जमले नाही, तर लॉग-इन स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटी चिन्हावर क्लिक करा. तिथल्या ऑन-स्क्रीन कीबोर्डवर माउसने पासवर्ड टाका. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड ‘अनइन्स्टॉल’ करून रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवते.

कधी दोष अपडेटचा असतो

१४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर दुरुस्तीच्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. विंडोजमध्ये मात्र तेच कीबोर्ड-माउस व्यवस्थित चालत होते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीचे अपडेट देऊन हा दोष दूर केला. अशा वेळी नवा कीबोर्ड आणून काहीच फरक पडला नसता.

एवढे करूनही दुकानात न्यावे लागले, तर कीबोर्ड बायोसमध्ये चालतो की नाही हे आधी सांगा. फॉरमॅट करावेच लागणार असेल, तर डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घेतल्याची खात्री करूनच होकार द्या.