पिनातुबोचे पहारेकरी

फिलिपीन्सच्या लुझॉन बेटावरचा पिनातुबो सुमारे ५०० वर्षं निपचित होता. त्याच्या अंगाखांद्यावर दाट जंगल माजलं होतं, आएता आदिवासी तिथे शेती आणि शिकार करून राहत होते. मार्च १९९१मध्ये त्यांच्या पायांखालची जमीन हादरू लागली आणि २ एप्रिलला उतारावर वाफेचे स्फोट झाले.

'फिव्होल्क्स' ही तिथली सरकारी ज्वालामुखी व भूकंप संस्था. तिच्या माणसांनी काही दिवसांतच डोंगराजवळ भूकंपमापक नेऊन बसवले. एप्रिलअखेर अमेरिकी भूशास्त्रज्ञांचं पथक मदतीला आलं. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुईझच्या चिखललोटाने २३,०००वर माणसं गिळली, त्यानंतर हे पथक उभं राहिलं होतं. दोघांनी मिळून क्लार्क हवाई तळावर वेधशाळा थाटली. डोंगराभोवतीच्या सात केंद्रांवरून कंपनं रेडिओने तिथे येत आणि फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर लेखणी ती रेखत राही.

खडक तडकला की रेघ झटकन उसळते आणि विरते. शिलारस किंवा वायू फटींतून सरकू लागला की संथ, लांबलेल्या लाटा उमटतात. सुरुवातीचे धक्के शिखरापासून सुमारे ५ किमी वायव्येला होते. जूनच्या आरंभी ते शिखराखालीच येऊ लागले. मे महिन्यात दहापट वाढलेला सल्फर डायऑक्साइड एकाएकी घटला. वाट बुजून तो आत कोंडत असावा, ही धास्ती होती.

पण रेघ वाचून भागत नव्हतं, ती लोकांना पटायला हवी होती. म्हणून इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरल्या. मॉरिस आणि कातिया क्राफ्त यांनी ज्वालामुखीच्या धोक्यांवर केलेली चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली. ते दांपत्य स्वतः ३ जूनला जपानच्या उन्झेनवर मृत्युमुखी पडलं. ९ जूनला पाचवा इशारा लागला, दुसऱ्या दिवशी क्लार्क तळावरची सुमारे १४,५०० माणसं हलवली.

१५ जूनला, वादळाच्या पावसातच, पिनातुबो फुटला. राख सुमारे ३५ किमी उंच गेली. भिजलेल्या राखेच्या भाराने छपरं कोसळली, शेकडो माणसं गेली. तरीही किमान ५,००० जीव वाचल्याचा अंदाज आहे, आणि एवढ्या प्रचंड उद्रेकात हे माणसाचं फार मोठं यश आहे.

त्या दुपारी डोंगरावरची केंद्रं एकामागोमाग एक मुकी झाली. पण त्यांचं सांगणं तोवर गावांपर्यंत पोचलं होतं.