केरळचा बेत

प्रवासाहून परतलेल्या मंडळींच्या तोंडी अलीकडे एक क्रियापद फार ऐकू येते. ‘यंदा आम्ही केरळ केलं’, ‘पुढल्या वर्षी राजस्थान करणार!’ जणू काही चकल्या झाल्या, आता करंज्या तेवढ्या राहिल्या! मी पेशाने मराठीचा मास्तर. तेव्हा क्रियापदाशी अडखळण्याची मला खोडच आहे. पण पुष्कळ सहलींचे दुखणे या ‘करण्या’तच असते असे मला वाटते. आठ दिवसांत सात गावे, रोज रात्री नवी खोली आणि रोज पहाटे बॅगा बांधण्याची घाई. घरी आल्यावर छायाचित्रे पाहावीत तेव्हा कळते की आपण कोठे कोठे होतो.

स्वतःच्या बेताने, स्वतःच्या गाडीने जाण्याचा खरा फायदा पैशाचा नसतो. हवे ते गाळण्याचा अधिकार आपल्या हाती राहतो, हा तो फायदा होय. केरळचा आमचा बेत आखताना हा अधिकार आम्हाला चांगलाच वापरावा लागला. त्याची ही हकीकत यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर असाच बेत शिजवणाऱ्या घरांना उपयोगी पडेल.

आम्ही पाचजण. मी, आमची सौ., कॉलेजात जाणारे चिरंजीव, नववीतली कन्या आणि शहात्तर वर्षांची माझी आई. तिच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच असहकार पुकारला आहे. प्रत्येकाने आपली एकेक इच्छा सांगावी असे ठरले. चिरंजिवांना समुद्र हवा होता, सौ.ला चहाचे मळे, कन्येला थेक्कडीच्या जंगलातले हत्ती. आई म्हणाली, “मला काही नको रे. पण त्या रविवर्म्याचं गाव तिकडंच ना?”

आमच्या देवघरात आईच्या माहेराहून आलेली लक्ष्मीची तसबीर आहे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे त्रावणकोरातल्या किळिमानूरचे. पण त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रे छापून घरोघर पोचवावीत ही सूचना सर टी. माधवरावांची, असे सांगतात. हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण होते. म्हणजे केरळ आमच्या देवघरात शंभर वर्षे येऊन बसलेले. आम्ही मात्र त्याच्याकडे एकदाही गेलो नव्हतो.

बेताला बसलो ते नकाशा पसरून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जन्मलेले हे राज्य महाराष्ट्राच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढे. पण आकार पडवळासारखा. लांबी भरपूर, रुंदी कोठेही सव्वाशे किलोमीटरच्या वर नाही. पश्चिमेला समुद्र, मध्ये खाड्या आणि भातशेते, पूर्वेला सह्याद्री. त्यात २६९५ मीटर उंचीचे अनामुडी शिखर. नकाशावर वीतभर दिसणारे अंतर या उतारावर फसवे ठरते. कोची ते मुन्नार सुमारे १३० किलोमीटर. पण घाटाची वळणे धरता चार-पाच तास सहज जातात. म्हणून केरळचा बेत किलोमीटरांत न मोजता तासांत मोजावा.

दुसरी गोष्ट पावसाची. नैर्ऋत्य मोसमी वारे १ जूनच्या सुमारास केरळात उतरतात हे आपल्याला शाळेपासून पाठ असते. पण दिवाळीच्या सुट्टीत तिथे दुसरा पाऊस असतो हे ध्यानी राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या या पावसाला तिकडे ‘तुलावर्षम्’ म्हणतात. सकाळ बहुधा स्वच्छ, दुपारनंतर ढग आणि विजा. तेव्हा डोंगर आणि पाणी सकाळी, देवळे आणि विश्रांती संध्याकाळी, असा आम्ही नियमच केला. ऐन पावसाळ्यात मात्र डोंगराचा बेत नको. ऑगस्ट २०१८ चा महापूर आणि ३० जुलै २०२४ ला वायनाडात कोसळलेल्या दरडी आठवाव्यात. दिवाळीतही हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा. नोव्हेंबरच्या मध्यापासून शबरीमलाची यात्रा सुरू होते आणि कोट्टायम-चेंगन्नूरकडच्या गाड्या भरभरून वाहतात, हेही लक्षात असू द्यावे.

येथवर सारे गोडीगुलाबीने चालले होते. खटका उडाला तो थेक्कडीवरून. मुन्नारहून थेक्कडी आणि तिथून खाली आलप्पुळा, म्हणजे घाटाचे दोन सबंध दिवस. जुन्या नकाशातले अलेप्पी ते हेच. कन्या हत्तींवर अडून बसली, चिरंजिवांनी वर कन्याकुमारीचे नाव काढले. हिशेब करता करता लक्षात आले की एवढे सगळे बसवायचे तर तिरुवनंतपुरमला एकच संध्याकाळ उरते आणि आईला सहा ठिकाणी चढ-उतार करावी लागते. आई निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, “मी राहते घरी. तुम्ही सुखानं जाऊन या.”

वाचकहो, हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते, आणि आपण ते फार चटकन खरे मानतो. वडील गेल्यापासून आई घराबाहेर निघाली ती दवाखान्याला आणि लग्नकार्याला. ‘पुढल्या वर्षी नेऊ’ म्हणायला शहात्तरीच्या माणसापाशी वर्षे किती असतात? त्या रात्री कागद मी पालथा केला आणि नव्याने सुरुवात केली: आईला जे जमेल ते आधी मांडायचे, आणि उरलेल्या जागेत बाकीच्यांचे. कन्या दोन दिवस घुम्यासारखी वावरली; मग येऊन म्हणाली, “हत्ती सोडते. पण मुन्नारला दोन रात्री हव्यात.” सौदा पटला. कन्याकुमारीही गळाली. १९७० साली एकनाथजी रानड्यांनी तडीस नेलेले विवेकानंद शिलास्मारक पुढच्या खेपेसाठी राखून ठेवले.

आता तिसरी गोष्ट, आणि ही कोणत्याही जाहिरातीत नसते. ती म्हणजे वार. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. जवळचे १५६८ सालचे यहुदी प्रार्थनास्थळ शनिवारी बंद. तिरुवनंतपुरमचे चित्रालय आणि पद्मनाभपुरमचा राजवाडा सोमवारी बंद. तारखा ठरवण्याआधी हे वार मांडले आणि कोडे आपोआप सुटले. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मुंबईहून कोकण रेल्वेने निघायचे, मंगळवारी दुपारी एर्नाकुळम. मंगळ-बुध कोचीला, गुरू-शुक्र मुन्नारला, शनि-रवि आलप्पुळ्याला. सोमवारचा बंद दिवस तिरुवनंतपुरमच्या प्रवासात खर्च, तिथे तीन रात्री आणि गुरुवारी सकाळी परतीची गाडी. नऊ रात्री, चार मुक्काम. एका टोकाने शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. म्हणजे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. भाऊबीजेनंतरच्या प्रवासाचे तिकीट त्यामुळे नेमके गणपतीच्या दिवसांत काढावे लागते. आमच्याकडे एकीकडे आरतीची तयारी, तर दुसरीकडे चिरंजीव मोबाईल घेऊन आठाच्या ठोक्याची वाट पाहत बसलेले! आईसाठी खालची बर्थ मिळाली तेव्हा घरात मोरयाचा गजर जरा जास्तच झाला.

मोटार ठरवताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: दिवसाचे किलोमीटर किती, रात्रीचा भत्ता किती, टोल कोणाकडे आणि चालकाची झोपण्याची सोय कोणाकडे. खोली ठरवताना सौ.ने फोनवर विचारलेले प्रश्न तर मी वहीतच उतरवून ठेवले आहेत. खोली तळमजल्यावर आहे का? पायऱ्या किती? कमोड आहे का? जेवण जागेवर मिळेल का? एका हॉटेलाने ‘फक्त बारा पायऱ्या’ असे उत्तर दिले. ते तेथेच बाद झाले.

नावेतल्या मुक्कामाचीही चर्चा झाली. पूर्वी भात वाहणारी, एकही खिळा न ठोकता काथ्याने शिवलेली ‘केट्टुवळ्ळम्’ हीच आजची घरनाव. पण संध्याकाळी या नावा एका जागी बांधूनच ठेवतात. त्यातच फळीवरून चढ-उतार. म्हणून कालव्याकाठी एका घरात दोन रात्री राहिलो आणि सकाळी सरकारी जलवाहतुकीच्या बोटीने कोट्टायमच्या वाटेला लागलो. भाडे अगदी किरकोळ. शाळेची मुले, भाजीच्या पाट्या, टपालवाला असे सगळे कुट्टनाड बोटीत बसलेले. आणि दोन्ही अंगांना बांधाच्या आत समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेली भातखाचरे. पाणी वर आणि शेत खाली, हे पाहून आई हरखली. कोकणातल्या खारजमिनीत तिचे बालपण गेलेले. बांध फुटला की काय होते हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

बारीकसारीक सूचनाही सांगून टाकतो. जेवणापूर्वी गुलाबी रंगाचे गरम पाणी आले तर दचकू नये. ते पतिमुगम् नावाच्या लाकडाचा तुकडा घालून उकळलेले असते. खोबरेल तेलाचा वास दुसऱ्या दिवसापासून आवडू लागतो. पद्मनाभस्वामीच्या देवळात पुरुषांना मुंडू नेसून उघड्या अंगाने जावे लागते. चिरंजिवांनी घरी चार दिवस तालीम केली. बायकांना साडी, आईच्या नऊवारीकडे मात्र तिथल्या बायका कौतुकाने वळून पाहत होत्या.

मंगळवारी सकाळी तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा चित्रालयात गेलो. हे चित्रालय १९३५ सालचे. रविवर्म्यांच्या मूळ चित्रांत हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती आहे. आई तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली, मग बाकावर बसली, पुन्हा उठून जवळ गेली. म्हणाली, “तसबिरीत रंग दडपलेला असतो रे. इथं लुगड्याचा पोत दिसतो. काठ बघ, बोटानं चाचपावासा वाटतो.” एवढ्यात एक सहल आली, दहा मिनिटांत सारी दालने पाहून बाहेर पडली. आम्ही तिथे दोन तास होतो. त्या दोन तासांची किंमत थेक्कडीचे हत्ती, कन्याकुमारी आणि दोन घाट. घरातल्या कोणालाही ती जास्त वाटली नाही, कन्येलाही नाही.

तेव्हा यंदा फराळाची ताटे आवरली की नकाशा काढा. घरातल्या प्रत्येकाची एकच इच्छा लिहा. सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाची सर्वांत वर. मग अंतरे तासांत मोजा, बंद असणारे वार तपासा आणि न बसणारी गावे खुशाल खोडा. खोडलेली गावे कोठे पळून जात नाहीत. घरचे वडीलधारे माणूस मात्र आजच नेले पाहिजे.