मिरचीच्या आधीचं नंदुरबार

नंदुरबारचं नाव काढलं की पथारीवर वाळत घातलेली लाल मिरची आठवते. पण याच गावाचं एक वर्णन असं आहे, ज्यात मिरचीचा ठसकाच नाही. तेव्हा ती भारतात यायचीच होती. लोक भात, हिरव्या भाज्या आणि तिळाचं तेल खातात, असं त्यात नोंदवलेलं आहे. नोंदवणारा माणूस मोरोक्कोचा, नाव इब्न बतूता.

महंमद तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. 1342 मध्ये दिल्लीहून निघालेला हा लवाजमा दौलताबादहून खंबायतच्या बंदराकडे जाताना नंदुरबारला आला. गाव लहान, वस्ती मराठ्यांची, असं तो सांगतो. हे लोक कारागिरीत पटाईत, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. सात पिढ्यांचं नातं टाळून लग्नं जुळवतात. दारू पिणं हा त्यांच्यात मोठा कलंक. आणि आश्चर्य असं, की त्याने हे सगळं दहाबारा वर्षांनंतर, फेज शहरात बसून लेखनिकाला सांगितलं. मधल्या काळात तो मालदीवला गेला, चीनला गेल्याचं सांगतो, वाटेत लुटला गेला, त्याची जहाजं बुडाली. तरी नंदुरबारचं तिळाचं तेल त्याच्या डोक्यातून गेलं नाही! 1355 मध्ये पूर्ण झालेला त्याचा ‘रिहला’ अनुवादात सहज मिळतो. नंदुरबारचा मजकूर पाचेक मिनिटांत वाचून होईल.

या मजकुरात सातपुडा मात्र नाही. भिल्ल नाहीत, पावरा नाहीत. आज ज्या जिल्ह्यात दर दहातली जवळपास सात माणसं आदिवासी आहेत, तिथून जाताना त्याला ती दिसलीच नाहीत. व्यापारी मार्गावरून जाणाऱ्याला बाजारपेठ दिसते, डोंगर दिसत नाही. इतिहास आणि राजकारणावरची पुस्तकं वाचताना मला हाच खेळ सर्वांत आवडतो. एका पुस्तकाने काय झाकलं ते हेरायचं आणि ते उघडून दाखवणारं दुसरं पुस्तक शोधायचं.

डोंगर कागदावर ठळकपणे आला तो इंग्रजांच्या धास्तीमुळे. 1818 मध्ये खानदेश त्यांच्या हाती लागला, पण घाट लागले नाहीत. सात वर्षं फौजा दमल्या. मग 1825 मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. बंडखोरांना माफी, शेतीला जमीन आणि तगाई, तरण्या पोरांना बंदूक आणि पगार. नंदुरबारच्या बाजूसाठी कुकरमुंड्याला भिल्ल एजंट बसला. पुढे 1857 मध्ये लखनौला गाजलेला सेनापती तो हाच आउट्रम. या पलटणीतल्या कॅप्टन ग्रॅहमने 1843 मध्ये खानदेशच्या भिल्लांचा इतिहास लिहिला आणि 1880 मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा जाडजूड बारावा खंड निघाला.

गॅझेटिअर कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या, पण ते उलटं वाचा. अमुक घाटावर चौकी बसवली असं लिहिलेलं दिसलं, की तो घाट तोवर सरकारच्या ताब्यात नव्हता असं समजा. अमुक नायकाला पेन्शन दिली म्हणजे त्याची धास्ती होती. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारी नोकरच होता. 1857 मध्ये तोच उलटला आणि एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली.

तरीही हे सगळं साहेबाच्या टेबलावरून दिसलेलं. त्याचं उत्तर म्हणून अजय स्कारिया यांचं 1999 चं ‘हायब्रिड हिस्टरीज’ वाचावं. ते शेजारच्या डांगचं आहे. स्कारिया यांनी डांगी लोकांच्या गोठी, म्हणजे जुन्या कथा, पुराव्याइतक्याच गांभीर्याने घेतल्या. त्या कथांत काळाचे दोन भाग पडतात. जंगलात मोकळं फिरता यायचं तो मोगलाईचा काळ, आणि सरकारने हद्दी आखल्या तो मांडिणीचा. राजे आणि सनावळ्या बाजूला ठेवून इतिहासाचे असे तुकडे पाडता येतात, हे मला या पुस्तकानेच शिकवलं.

बेचाळीसच्या आंदोलनातला नंदुरबारचा शिरीषकुमार शाळेच्या पुस्तकात भेटलेला असतो, म्हणून मी थेट याच जिल्ह्यातल्या शहाद्याला येतो. 1971 मध्ये पाटीलवाडीत धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळी चालली. पुढच्या जानेवारीत भूमुक्ती परिषद भरली, आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांचं नाव गावोगाव गेलं, श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांनी दारूचे मटके फोडले. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी 1976 मध्ये या चळवळीवर लिहिलेला दीर्घ लेख आजही ताजा वाटतो.

आणि मग नर्मदा. सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी याच जिल्ह्यातली. अक्कलकुव्याचं मणिबेली पाण्याच्या तोंडाशी होतं. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करवून घ्यावी लागली. 1992 चा तो मोर्स अहवाल एवढा परखड निघाला, की पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज सोडलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकणारं कायमचं पॅनेल नेमलं. आज जगात कुठल्याही खंडातलं गाव बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध या दारावर जातं, तेव्हा त्या दारामागे मणिबेलीही असते. नदीपलीकडच्या भिलालांचं जगणं समजून घ्यायला अमिता बाविस्कर यांचं ‘इन द बेली ऑफ द रिव्हर’ (1995) आहे.

ही सगळी पुस्तकं बाहेरून आलेल्यांची. धडगावच्या निमगव्हाणचे केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे मात्र स्वतः बोलतात, ‘लढा नर्मदेचा’ या मराठी पुस्तकात. नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेल्या नंदिनी ओझा यांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. जंगल, सावकार, मोजणीदार, तुरुंग, संघटनेतले मतभेद, सगळं त्यांच्या तोंडून येतं. एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर हे घ्या. आधी हे वाचा आणि मग मागे मागे जात इब्न बतूतापर्यंत पोहोचा.