सांगितलं होतं... पण कुणाला?

कॉन्ट्रॅक्टवर काम करताय आणि ताप आलाय? मग क्रोसिन घेण्याआधी दोन मेसेज टाका. एक पुरत नाही!

रविवारी रात्री अंगात कणकण, सोमवारी सकाळी १०२ ताप. अशा वेळी आपण काय करतो? टीम लीडरला व्हॉट्सअॅप करतो, ‘सर, नॉट वेल. वोन्ट बी एबल टू कम.’ तिकडून ‘ओके, टेक केअर’ येतं, सोबत एक अंगठा. झालं! ऑफिसला कळवलं, आता पांघरूण घेऊन झोपायला आपण मोकळे.

तुम्ही पर्मनंट असाल तर खरंच मोकळे. एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर असाल तर मात्र थांबा. कारण ‘ऑफिसला कळवलं’ या वाक्यातलं ऑफिस नक्की कुठलं, हा तुमच्या नोकरीचा प्रश्न होऊन बसू शकतो.

दोन साहेब, एक खुर्ची

हिंजवडी, खराडी, ऐरोली, अंधेरी... कुठल्याही मोठ्या ऑफिसात जा. एकाच रांगेत बसलेल्या दहा जणांच्या गळ्यात दोन वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या दिसतात. एक रंग कंपनीच्या माणसांचा, दुसरा ‘बाहेरच्यां’चा. काम तेच, चहाचं मशीनही तेच. पण दुसऱ्या रंगवाल्यांचा पगार एजन्सी देते, पीएफ एजन्सी भरते आणि कागदोपत्री मालकही एजन्सीच असते. काम सांगणारा साहेब एक आणि पगार काढणारा दुसरा!

रोजच्या धावपळीत हे लक्षातही येत नाही. एजन्सीचा कोऑर्डिनेटर आपल्याला आठवतो तो फक्त पगार उशिरा झाला की. त्यामुळे आजारी पडल्यावर आपण साहजिकच शेजारी बसणाऱ्या साहेबाला कळवतो. त्याला वाटतं, हिने एजन्सीला सांगितलंच असेल. एजन्सीला काहीच ठाऊक नसतं. त्यांच्या स्क्रीनवर दिसते ती फक्त कोरी टाइमशीट.

माझ्या एका मैत्रिणीचं गेल्या पावसाळ्यात नेमकं हेच झालं. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यातले चार महिने झालेले, ‘एक्स्टेंशन मिळेल बहुतेक’ अशी कुजबुजही सुरू होती. सोमवारी तिने टीम लीडरला मेसेज टाकला. बुधवारी रिपोर्ट आला, डेंग्यू. प्लेटलेट्स घसरल्या म्हणून अॅडमिट. मोबाइलची बॅटरी संपलेली, चार्जर पीजीवर, आणि सलाइन लावलेल्या हाताने मेल कोण करणार?

इकडे एजन्सीने तिला दोन मेल पाठवले. ‘आपण विनापरवानगी गैरहजर आहात, ४८ तासांत खुलासा करा.’ पाठवले कुठे? तिच्या ऑफिसच्या मेल आयडीवर. जो फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडतो!

नवव्या दिवशी ती डिस्चार्ज कार्ड पर्समध्ये घालून ऑफिसला गेली. गेटवर स्वाइप कार्ड चाललं नाही. पुसून पुन्हा लावलं, तरी लाल दिवा. सिक्युरिटीच्या काकांनी रजिस्टर पाहून सांगितलं, ‘मॅडम, तुमचं नाव काढलंय.’ तिने तिथूनच कोऑर्डिनेटरला फोन लावला.

‘मॅडम, आधी कळवायचं ना!’

‘अहो, सांगितलं होतं मी.’

‘कुणाला?’

या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते चालणारं नव्हतं. तिच्या खुर्चीवर दोन दिवसांपूर्वीच दुसरी मुलगी बसली होती.

‘अॅब्स्कॉन्डिंग’ म्हणजे फरार?

नोकरी गेली, त्यापेक्षा तिला लागला तो शब्द. तिच्या नावापुढे एजन्सीने शेरा मारला होता, ‘अॅब्स्कॉन्डिंग’. मराठीत सांगायचं तर फरार. पोलिसांच्या यादीत शोभणारा शब्द आपल्याकडे एचआरच्या मंडळींनी इतका सरसकट करून टाकलाय की, हॉस्पिटलच्या कॉटवर पडलेली मुलगीही त्यात बसते.

एचआरची बाजूही ऐकायला हवी. पगार झाला की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद करून दोन हजार जास्त देणाऱ्या कंपनीत जाणारी मंडळी कमी नाहीत. एजन्सीला पैसे मिळतात ते भरलेल्या खुर्चीचे. खुर्ची रिकामी, तर बिलही रिकामं. वर क्लायंट ‘रिप्लेसमेंट द्या’ म्हणून मागे लागलेला. अशा वेळी तीन दिवस उत्तर न देणारा माणूस पळालाच असणार, असा अंदाज बांधणं सोपं जातं. त्यात आपला मेसेज कसा? ‘वोन्ट बी एबल टू कम.’ आज येणार नाही की कधीच येणार नाही? तारीख नाही, कारण नाही. वाचणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा!

या शेऱ्याची शेपटी लांब असते. रिलीव्हिंग लेटर अडतं, उरलेल्या पगाराचा हिशेब, म्हणजे फुल अँड फायनल, लटकतो. पुढच्या नोकरीच्या वेळी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले जुन्या एजन्सीला फोन करतात, तेव्हा तोच शब्द वाचून दाखवला जातो. नऊ दिवसांचा आजार, आणि खुलासे देत बसायचं पुढची दोन वर्षं.

कायदा काय म्हणतो?

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच म्हटलं होतं, की नोकरी सोडणं हा मुळात इराद्याचा प्रश्न आहे आणि पुरेशा पुराव्याशिवाय तो इरादा कर्मचाऱ्यावर लादता येत नाही. गंमत म्हणजे त्या खटल्यात आजारपण सांगणारा कामगार हरला, कारण गिरणीच्या नियमावलीत ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी गेली, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. १९९३ च्या एका निकालात मात्र कोर्टाने, आठ दिवसांहून अधिक गैरहजर म्हणून थेट नाव कमी करता येणार नाही, आधी कामगाराचं म्हणणं ऐकून चौकशी करा, असं सांगितलं. त्याला परत कामावर घ्यायला लावलं आणि मागचा निम्मा पगारही द्यायला लावला. २०१२ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं, की आजार, अपघात, हॉस्पिटल यांमुळे झालेली गैरहजेरी ही मुद्दाम केलेली गैरहजेरी धरता येत नाही.

ऐकायला छान! पण सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून आधी हाताशी काय आहे, ते बघू.

रजेचं बोलायचं तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा आहेत, त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात. म्हणजे सहा महिन्यांत चार. डेंग्यूला त्या कुठल्या पुरायला? ताप उतरायला लागतो तेव्हाच खरं जपायचं असतं, आणि नंतरचा अशक्तपणा वेगळाच.

तुमच्या पगारातून ईएसआय कापला जातो का, हे मात्र आजच बघा. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची पगाराची मर्यादा १५,००० वरून २१,००० रुपये झाली, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टवरची बरीच मंडळी तिच्यात येतात. उपचार नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणाच्या रजेत ७० टक्के मजुरी, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, अशीही सोय आहे. पण त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, त्यामुळे अगदी नव्या माणसाला हे पैसे लगेच मिळत नाहीत.

आणि नेमणूकपत्र! २१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. तुमचं पत्र मागून घ्या आणि चक्क वाचा. ‘गैरहजेरी’ हा शब्द कुठे येतो, किती दिवसांनंतर काय होतं आणि कळवायचं कुणाला, हे बहुतेक त्यातच लिहिलेलं असतं. आपण सही करतो ती पगाराचा आकडा बघून.

आजारी पडण्याआधी करायची कामं

• एजन्सीच्या कोऑर्डिनेटरचा नंबर आणि मेल आयडी मोबाइलमध्ये सेव्ह करा. तोच नंबर रूममेटकडे किंवा घरी आईकडेही देऊन ठेवा. तुम्ही बोलू शकत नसाल, तर दुसऱ्याने केलेला एक फोनही पुरतो.

• एजन्सीला तुमचा पर्सनल मेल आयडी द्या. ऑफिसच्या आयडीवर आलेली नोटीस घरी वाचता येत नाही.

• मेसेज दोघांना, एकाच वेळी, लेखी. उदाहरणार्थ, ‘मला कालपासून ताप आहे. आज सोमवार आणि उद्या मंगळवार येऊ शकणार नाही. मंगळवारी संध्याकाळी पुढचं कळवते. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे.’ कारण, तारीख आणि पुढे कधी कळवणार, या तीन गोष्टी हव्यातच.

• ‘टेक केअर’ म्हणजे शुभेच्छा, मंजुरी नव्हे. ‘रजा मंजूर धरू का?’ हे सरळ विचारा.

• आजार लांबला, तर सांगितलेल्या दिवशी पुन्हा कळवा. दोन ओळी पुरतात.

आणि शेरा बसलाच तर?

आधी भांडू नका, लिहा. टीम लीडरला पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड एकत्र जोडून एजन्सीला मेल करा आणि टीम लीडरला सीसी. मागणी एकच ठेवा, शेरा बदला आणि रिलीव्हिंग लेटर द्या. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख एजन्सीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. २०२० पासून ही सोय आहे.

माझ्या मैत्रिणीने हेच केलं. टीम लीडरनेही ‘हो, तिने मला पहिल्याच दिवशी कळवलं होतं’ असं दोन ओळींत लिहून दिलं. हे त्याने आधी एजन्सीला सांगितलं असतं तर? पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ते आपलं काम आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं. तिसऱ्या मेलनंतर ‘अॅब्स्कॉन्डिंग’ जाऊन ‘कॉन्ट्रॅक्ट समाप्त’ आलं, दीड महिन्याने पैसेही आले. खुर्ची मात्र परत मिळाली नाही.

शेवटी टीम लीडर मंडळींना एक विनंती. तुमच्या टीममधल्या दुसऱ्या रंगाच्या पट्टीवाल्याने ‘बरं नाहीये’ म्हणून कळवलं, तर अंगठा जरूर पाठवा. फक्त त्याच अंगठ्याने तो मेसेज एजन्सीला फॉरवर्डही करा. दहा सेकंदांचं काम आहे. कुणाचं तरी दोन महिन्यांचं भाडं त्यावर अवलंबून असतं.