एच-वन नावाची जास्वंद

आमच्या गॅलरीतल्या कुंडीतली जास्वंद सकाळी आठपर्यंत पुरती उमलते आणि संध्याकाळी पाकळ्यांची गुंडाळी करून मिटते. दुसऱ्या दिवशी नवं फूल. मला मात्र ती कायमची उमललेली हवी होती, तीही एका चौकोनात कोंबलेली. काम ऑनलाइन स्लॉट गेमच्या चित्रांचं होतं. कंपनी परदेशातली, मधे पुण्यातला एक स्टुडिओ आणि शेवटी घरी बसून चित्रं काढणारी मी. साल २०२२. खेळ भारतासाठी नव्हताच. पुढे २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा हे काम पुन्हा आठवलं.

मागणीपत्रात एकच शब्द ठळक होता: ट्रॉपिकल. सोबत फुलांची यादी. देवचाफा, हेलिकोनिया, अँथुरियम, बर्ड ऑफ पॅरडाइज आणि सगळ्यांत वर जास्वंद. मागे हवाईतल्यासारखा समुद्रकिनारा. आता देवचाफा आणि हेलिकोनिया मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले, बर्ड ऑफ पॅरडाइज दक्षिण आफ्रिकेतला. ही मंडळी एका रानात कधीच भेटली नसती. मी आपलं सुचवलं, की निदान जास्वंद तरी पिवळी करू या, कारण हवाईचं राज्यफूल पिवळी जास्वंद आहे. उत्तर आलं: नाणी पिवळी आहेत, फूल त्यांत हरवेल. लालच काढा. पटलं.

स्लॉटमध्ये उभी पाच रिळं फिरतात आणि प्रत्येक रिळाचे तीन चौकोन दिसतात. चौकोनातल्या चित्राला सिम्बॉल म्हणतात. सिम्बॉलांची उतरंड असते. तळाला ए, के, क्यू, जे आणि दहा, म्हणजे पत्त्यांतले एक्का-राजा-राणी-गुलाम. ती अक्षरं मी बांबूच्या कांड्यांनी बनवली, दोन दिवसांत उरकली. वरची फुलं भारी किमतीची. जास्वंदीला तर अकरा दिवस लागले. पाच पाकळ्या, निदलपुंज, मधली केसरनळी असे सगळे भाग सुटे रंगवायचे. मग स्पाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना कठपुतळीसारखी हाडं बसतात. एकाच फुलाचे चार अवतार: स्वस्थ बसलेलं, वेगाने फिरताना फरकाटलेलं, खाली येऊन टेकताना पाकळ्या किंचित दबलेलं आणि जिंकल्यावर फुलून येणारं.

केसरनळीने फार छळलं. जास्वंदीची सगळी ऐट त्या बाहेर डोकावणाऱ्या दांडीत, पण चौकोनात ती मावेना. आखूड केली तर मोबाइलवर अळीसारखी दिसायची. टोकाशी पाच लाल ठिपके असतात, ते मी हौसेने काढले होते. लहान पडद्यावर त्यांचा एकच डाग व्हायचा. शेवटी तीन ठेवले. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी माफ करावं.

ही फुलं हलती करायचं काम स्टुडिओतल्या पंचविशीतल्या एका मुलाकडे होतं. त्याने एकदा फोन केला, "ताई, पार शीट बघितलीये का कधी? बघाच." पार शीट म्हणजे खेळाची कुंडली. कोणत्या रिळावर कोणतं सिम्बॉल किती वेळा, हे त्यात लिहिलेलं असतं. माझी जास्वंद तिथे 'एच-वन' होती. एच म्हणजे हाय, एल म्हणजे लो. लांबलचक रकान्यांत एल-थ्री, एल-फाइव्ह, एल-टू यांची गर्दी आणि त्यात कुठेतरी एखादी एच-वन. समजा, प्रत्येक रिळावर साठ जागा आहेत आणि जास्वंद एकाच जागी. मग एका ठरलेल्या ओळीत पाच जास्वंदी येण्याची शक्यता पाच साठांचा एकमेकांशी गुणाकार केल्यावर येते: ७७ कोटी ७६ लाखांत एक. माझ्या अकरा दिवसांचा पुरता बहर इतक्यांदा एकदा.

लोखंडी यंत्रांच्या काळात इतकी विरळ शक्यता ठेवणं जमत नव्हतं. चार्ल्स फे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत बनवलेल्या लिबर्टी बेल या स्लॉट यंत्राला तीन चक्रं होती. खऱ्या चक्रावर चित्रं मावणार ती किती? पुढच्या यंत्रांच्या चक्रावर बावीस थांबे धरले, तरी तीन चक्रांचे मिळून १०,६४८ मेळ होतात. त्याहून मोठं बक्षीस ठेवलं तर मालकाचंच दिवाळं. १९८४ साली इंगे टेलनेस यांना एका युक्तीचं पेटंट मिळालं. चक्र कुठे थांबायचं ते संगणकाने काढलेला आकडा ठरवणार आणि त्या आकड्यांची संख्या दिसणाऱ्या थांब्यांपेक्षा कितीतरी जास्त असू शकणार. मोबाइलवर तर चक्र उरलंच नाही. बटण दाबताक्षणी निकाल लागलेला असतो. त्यानंतरचं फिरणं, हळू होणं, थांबणं हे सगळं आम्ही काढलेलं नाटक.

त्या नाटकातला एक प्रवेश 'अँटिसिपेशन'. बक्षिसाची फेरी उघडायला तीन शंख लागायचे. दोन पडले की पुढचं रीळ मुद्दाम जास्त वेळ फिरवायचं, त्याभोवती सोनेरी झळाळी, आवाज चढत गेलेला. ती झळाळी मी तीन वेळा सुधारून दिली. तिसरा शंख येणार नाही हे यंत्राला आधीच ठाऊक. मलाही ठाऊक होतं आणि तरी तपासताना माझा श्वास दर वेळी अडकायचा.

चाचणीची प्रत आली तेव्हा आईच्या हातात फोन दिला. पैसे खोटेच, दोन हजार नाणी. ती पाचेक मिनिटांत रमली. टण् झालं की म्हणायची, "आले गं!" पाकळ्यांचा पाऊस पडायचा, आकडे वर चढायचे. पाऊण तासाने विचारलं तर म्हणाली, "बरीच जिंकले की." कोपऱ्यात शिल्लक होती १,३८०.

यात तिची चूक नव्हती. एका डावाला वीस नाणी लागत. वीस ओळींपैकी एखादीवर सहा परत आली, की चौदा गेलेली असूनही पडद्यावर सहा जिंकल्याचा सोहळा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं होतं, की अशा 'जिंकण्याला' खेळणाऱ्याची त्वचा खऱ्या जिंकण्यासारखाच प्रतिसाद देते. आमच्या खेळात शंभरातले सरासरी शहाण्णव परत द्यायचे होते. ऐकायला उदार वाटतं. पण अडीच सेकंदांत एक डाव धरला तर तासाला १,४४० डाव होतात. डावाला दहा रुपये म्हणजे लावले १४,४००, आणि त्यातले सरासरी ५७६ गेले. पैसे जातात ते वेगामुळे.

ते अडीच सेकंद मी मनाने घेतलेले नाहीत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१पासून ऑनलाइन स्लॉटचा डाव त्याहून जलद चालवता येत नाही. शिवाय लावले त्याहून जास्त परत आलं नसेल तर जिंकल्याचा आवाज नाही, रोषणाई नाही. म्हणून ब्रिटनसाठी आम्हाला वेगळी प्रत करावी लागली. वीस किंवा त्याहून कमी परत आली की पाऊस बंद, टण् बंद, जास्वंद स्वस्थ.

तो मुलगा आणि मी व्हिडिओ कॉलवर ती प्रत तपासत होतो. तेच गणित, तीच फुलं, तोच समुद्र. दहा-बारा डाव गुपचूप गेले. मधे कुठे कुठे चार-सहा नाणी निमूट जमा झाली. "ताई, आवाज गेलाय का?" त्याने आधी विचारलं. मग शिल्लक बघून म्हणाला, "अरे, यात तर आपण नुसते हरतोय."

त्या फाइलचं बिल वेगळं लावलं. पाकळ्या बंद करणे, अर्धा दिवस.